मावशीच्या किटलीवरचा आळ

आईने चहा बेसिनमध्ये ओतला आणि ते भिंगरीने पाहिलं.

साधा नाही, चोरून ओतला. आधी दाराकडे बघितलं, मग आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडला, आणि मग कप असा अलगद कलता केला की जणू आत बाळ झोपलंय. वर बाहेर येऊन रिकामा कप ओठांना लावला आणि म्हणाली, "फक्कड झालाय हं, ताई."

मावशी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "झाला ना? मग झालं."

सख्खी बहीण सख्ख्या बहिणीच्या हातचा चहा ओतून देते आणि वर फक्कड म्हणते! म्हणजे लाँड्रीतली भानगड आता थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण एका जागी क्षणभर न टिकणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? घरात तिघीच. ती, आई, आणि आईची ही मोठी बहीण. आई आणि मावशी एकाच लाँड्रीत कामाला होत्या. हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथं ढिगाने यायचे आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत जायचे. आई घड्यांच्या खोलीत दिवसभर चादरींच्या घड्या घालायची. मावशी झाडलोट करायची आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना चहा द्यायची. तिची ती भलीमोठी किटली, आणि किटलीच्या डोक्यावर टॉवेलाच्या तुकड्यांची टोपी! फेकायला काढलेला टॉवेल मावशीच्या हाती लागला की त्याचं नशीबच उघडायचं. कधी पायपुसणं, कधी तवा धरायचं फडकं, कधी किटलीची टोपी.

तर थंडी पडली आणि घड्यांच्या खोलीतल्या बायका आजारी पडायला लागल्या. एकीचं डोकं ठणकायचं, दुसरीला मळमळायचं, तिसरीच्या पायांत जीवच राहायचा नाही. घरी गेलं की बरं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आणि नेमकं चहाच्या सुट्टीनंतर.

संशयाला एवढं पुरे झालं.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते इस्त्रीवाल्या तिखटबाईने. हे नाव तिला तिच्या जिभेमुळे पडलं होतं आणि तिला ते आवडायचंही. "मावशींच्या चहात काहीतरी पडतंय," ती भर खोलीत म्हणाली. गंमत म्हणजे आदल्याच आठवड्यात तिचं नि मावशीचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ओल्या फरशीवरून चपला घालून चालण्यावरून. मग काय, सगळ्यांनी दोन गोष्टी पटकन जोडल्या. बायकांनी चहा सोडला. तरी डोकी दुखायची थांबेनात, तेव्हा तिखटबाई म्हणाली, "मग पाण्याच्या पिंपात टाकत असतील!" बायकांनी घरून बाटल्या आणल्या. तरी दुखतंच. तेव्हा म्हणे, आधीचं अंगात भिनलंय.

आणि मग एक दिवस तिखटबाई स्वतःच चादरीच्या गठ्ठ्यावर आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर आली आणि डोळे उघडून पहिला शब्द बोलली, "चहा!" नर्सला वाटलं, हिला प्यायचाय.

पण तिथल्या डॉक्टरांनी तिला खोदून खोदून विचारलं, कुठे काम करता, खोली कशी आहे, आणखी कुणाला होतं का. आणि कामाच्या जागांची तपासणी करणाऱ्या खात्याला कळवून टाकलं. आता सोमवारी तिथल्या बाई येणार होत्या. लाँड्रीचे साहेब, ज्यांना सतत मनगटाकडे बघायच्या सवयीमुळे सगळे घड्याळसाहेब म्हणायचे, त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं होतं, "तपासणीत चहाचं काही निघालं, तर किटली इथेच ठेवायची आणि निघायचं. पोलिसांचं मग पुढे बघू."

पोलीस! मावशीने घरी येऊन हे इतक्या सहज सांगितलं की जणू भाजी महागल्याचं सांगतेय. आणि आई? भिंगरीला वाटलं होतं ती उसळेल, "माझ्या ताईवर आळ घेता?" म्हणेल. तिने फक्त चहा बेसिनमध्ये ओतला.

सोमवारी भिंगरीने पोट धरून शाळेला दांडी मारली आणि वर मावशीच्या मागे लागली, "मला एकटीला घरी भीती वाटते." मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की पोटदुखी बिचारी लाजून पळालीच. पण म्हणाली, "चल. गप्प बसायचं."

गप्प बसणं भिंगरीला कुठलं जमायला? पण डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि तिचा पहिला संशय घड्याळसाहेबांवर होता. माणूस कामगारांशी बोलताना घड्याळ बघतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणारच!

घड्यांची खोली लांबोडकी होती. एका भिंतीला कपडे वाळवायची तीन मोठी यंत्रं घुं घुं करत होती. मधे लांब टेबलं, त्यांच्यावर चादरींचे डोंगर. पार टोकाला पाणी तापवायचं गॅसवरचं उंच यंत्र होतं. साहेब त्याला हीटर म्हणायचे, बायका बंब म्हणायच्या. बंबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी आणि तिच्यातून छताबाहेर गेलेलं धुराडं. बंबाजवळ ऊब असायची, म्हणून दुपारच्या सुट्टीत सगळ्या बायका तिथेच गठ्ठ्यांवर ठाण मांडायच्या. हवेत टॉवेलांचं बारीक तूस सारखं तरंगत असायचं. आईच्या केसांत ते नेहमी असतं, हे भिंगरीला माहीत होतं, पण ते कुठून येतं हे ती आज बघत होती.

मावशी मागच्या पडवीत चहा करायची. भिंगरी दाराआड उभी राहिली. पाणी उकळलं, साखर पडली, पत्ती पडली. मग मावशीने इकडे तिकडे बघितलं, पदराच्या गाठीतून एक पुडी काढली आणि त्यातली पिवळट पूड चिमूटभर किटलीत टाकली.

भिंगरी दाराआडून पुढे आली.

"मावशी, ते काय आहे?"

मावशीने पुडी झटकन मिटली. "तुला काय करायचंय?"

"सांग ना!"

"नाही सांगत, जा. माझ्या चहाची ती एकच गोष्ट माझी आहे."

त्या क्षणी भिंगरीला आणखी एक आठवलं. थंडीच्या सुरुवातीला मावशीने जुन्या टॉवेलांची एक अजब उशी शिवली होती. चौकोनी, जाड, उशी म्हणावी तर फारच टणक. कडेचे टाके भिंगरीने घातले होते, नारिंगी दोऱ्याने, सगळे वाकडेतिकडे. "कुणाला गं?" विचारलं तर म्हणाली होती, "तुझ्या आईला." पण आईला घरी ती उशी कधी मिळालीच नाही. तेव्हा भिंगरी विसरून गेली होती. आता प्रत्येक गोष्टीला शेपूट फुटत होतं. मावशी आईच्या नावाने खोटं का बोलली? आणखी काय काय खोटं बोलते?

काय करावं? तिने एक कप उचलला, डोळे मिटले आणि गटागटा पिऊन टाकला. जीभ पोळली. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मेलीस का?"

"अजून नाही."

"मग त्या साहेबांचा कप नेऊन दे. मेलीस वाटेत तर सांडू नकोस."

भिंगरी पडवीच्या पायरीवर बसून आपल्या मरणाची वाट बघत राहिली. काही झालं नाही. उलट घशाला छान तरतरी आली, कारण चव ओळखीची होती. सुंठ! साधी सुंठ! सर्दी झाली की आई तीच द्यायची. भिंगरीला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. मग तिला आठवलं की साहेबांचा कप हातात गार होतोय.

घड्याळसाहेब आपल्या काचेच्या खोलीत, खिडकी उघडी टाकून बसले होते. त्यांनी कप घेतला आणि कागद वाचता वाचता पिऊन टाकला.

"साहेब, तुम्हाला नाही हो कधी मळमळत?"

"मला कशाला मळमळेल?"

"चहा तर त्याच किटलीतला आहे."

साहेबांनी कपाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. तिसरं बघायला काही नव्हतं म्हणून भिंगरीकडे पाहिलं. "तू कोण गं?" पण ती तोवर सटकली होती.

आता तिच्या डोक्यात चक्रं फिरत होती. तोच चहा साहेब पितात आणि ठणठणीत. बायका पीत नाहीत आणि आजारी. म्हणजे चहा नाही. मग साहेबच काही करतात का? त्यांच्या खोलीची खिडकी उघडी का होती एवढ्या थंडीत? ती विचार करत वाळवायच्या यंत्रांपाशी आली. तिथे पहिलवान काम करत होता. काडीसारखा बारीक माणूस, म्हणूनच त्याला पहिलवान म्हणायचे.

"दादा, तू मावशीचा चहा पितोस?"

"कधीच नाही. मला पित्ताचा त्रास. पाणीसुद्धा घरचं."

"आणि डोकं दुखतं?"

पहिलवानाने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. रोज दुखतं. दुपारी जेवून त्या बंबापाशी गठ्ठ्यावर जरा लवंडतो ना, उठलो की गरगरतं. पण बायका आधीच हसतात मला. पहिलवान आणि चक्कर? मेलो तरी बोलणार नाही."

भिंगरीने त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "दादा, तू सोन्याचा आहेस!" पहिलवान घाबरून मागे सरकला.

चहा नाही, पाणी नाही. मग काय प्यायचं हे नाहीच, कुठे बसायचं हे आहे! ती बंबापाशी जाऊन बसली. सुट्टी झाली, बायका आल्या, बाटल्या उघडून बसल्या. आई भिंतीजवळच्या चादरींच्या रॅकला टेकून बसली, डोळे मिटून. तिचे गाल लालबुंद दिसत होते. तिखटबाई एका दिवसाच्या विश्रांतीनंतर हजर होती आणि लांबूनच मावशीच्या किटलीकडे अशी बघत होती की किटली आता फणा काढेल. मावशी किटली घेऊन कोपऱ्यात उभी. कुणी कप पुढे केला नाही. आईनेही नाही.

थोड्या वेळाने भिंगरीच्या कपाळात टिक टिक व्हायला लागलं. जीभ जड झाली. ती दचकून उठली. वर बघितलं तर बंबाच्या पत्र्याच्या टोपीवर काजळी धरलेली, आणि खालच्या काचेतून दिसणारी ज्योत पिवळी, लवलवती. घरच्या शेगडीची ज्योत निळी असते. ती अशी पिवळी पडली की आई लगेच शेगडी दुरुस्तीला टाकते.

तिने खाली पडलेल्या तुसाचा एक पुंजका उचलला आणि बंबाच्या टोपीजवळ धरून सोडला. तो वर धुराड्यात ओढला जायला हवा होता. तो उलटा तिच्या तोंडावर येऊन आदळला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तोंडावर.

धूर वर जात नव्हता. धूर खोलीत येत होता, न दिसता, वास न येता, आणि ह्या सगळ्या त्याच्यात बसून मावशीकडे संशयाने बघत होत्या!

"उठा!" भिंगरी ओरडली. "सगळ्या बाहेर चला! आई, ऊठ!"

"हिला पण चढलं," तिखटबाई म्हणाली.

तेवढ्यात दारातून घड्याळसाहेब आले आणि त्यांच्यामागे तपासणीच्या बाई. साध्या, ठेंगण्या, खांद्याला पिशवी. साहेब म्हणत होते, "ही ती किटली, मॅडम. आणि ह्याच त्या मावशी." मावशीने किटली छातीशी धरली.

बाईंनी पिशवीतून हवा तपासायचं हाताएवढं यंत्र काढलं. किटलीकडे जाताना ते गप्प होतं. पण बंबाच्या बाजूला दोन पावलं टाकली आणि ते असं किंचाळायला लागलं की साहेबांच्या हातातले कागद पडले. बाईंचा चेहरा पालटला.

"बंब बंद करा. आत्ता. सगळ्यांनी बाहेर अंगणात व्हा. चक्कर येतेय त्यांना धरून न्या."

बायका धडपडत बाहेर गेल्या. आईला मावशीने खांद्याशी धरलं. भिंगरी मात्र दाराशीच घुटमळली. गॅस बंद झाला, दारं सताड उघडली गेली, आणि जरा वेळाने हातातलं यंत्र गप्प झाल्यावर बाई पुन्हा आत शिरल्या. भिंतींवरून हात फिरवत त्या जरा थांबल्या. "ही वाळवायची यंत्रं खोलीतली हवा ओढून बाहेर फेकतात. तेवढी हवा आत कुठून येते?"

साहेब दारातून म्हणाले, "जाळी आहे ना. त्या रॅकमागे."

भिंगरीने रॅककडे बघितलं. रॅकमागे, चादरींच्या फटीतून, तिला एक नारिंगी टाका दिसला. वाकडा.

सगळं एकदम तिच्या डोक्यात उजळलं आणि त्याच क्षणी तिला वाटलं, उजळलं नसतं तर बरं झालं असतं. ती अजब टणक उशी. जाळीच्या मापाची. आई ज्या जागी बसते त्याच्या बरोबर मागे. थंडीत तिथून वारा यायचा आणि आई रोज मान चोळत घरी यायची. "तुझ्या आईला." मावशी खोटं बोलली नव्हती.

यंत्रांना जाळीतून हवा मिळेना, म्हणून ती धुराड्यातून उलटी ओढली जात होती. बंबाचा विषारी धूर घेऊन.

भिंगरी रॅकच्या पुढे जाऊन पाठ लावून उभी राहिली. किटलीवरचा आळ आत्ता कुठे निघाला होता. बाई बंबाला दोष देतील, साहेबांना झापतील, आणि रात्री आपण गुपचूप येऊन... पण पाठीमागेच ती उशी होती, आणि ती तिथे असेपर्यंत उद्या आई पुन्हा इथेच बसणार होती.

"बाजूला हो, बाळ," बाई म्हणाल्या.

भिंगरीला हलता येईना. मग दारातून मावशी आत आली. तिने भिंगरीचा चेहरा बघितला, रॅक बघितला, आणि भिंगरीने पाहिलं की मावशीला कळलं. चेहऱ्याचा रंग उतरत उतरत ओठांपर्यंत आला. ती रॅक सरकवून वाकली, उशी ओढून काढली. गार वारा सुर्रकन आत आला.

"ही माझी," मावशी म्हणाली. "मी शिवली. मीच कोंबली."

"मी म्हणालो नव्हतो?" घड्याळसाहेब उसळले. "बघा मॅडम! चहा नाही तर उशी, पण बाई हीच!"

तपासणीच्या बाईंनी उशी हातात घेऊन दाबून बघितली. टाक्यांवरून बोट फिरवलं. मग साहेबांना विचारलं, "बंबाची शेवटची दुरुस्ती कधी केली?"

साहेबांनी घड्याळात बघितलं.

"तिथे नाही लिहिलेलं. आणि गॅस साठला की वाजणारा भोंगा? तो कुठे लावलाय?"

"तो... मागवायचा होता."

"ह्यांना कुणी कधी सांगितलं होतं, ही जाळी कशासाठी आहे ते?" बाईंनी उशी मावशीला परत दिली. "त्यांची उशी निघाली. आता तुमचं काय काय निघतं ते बघू या."

खोलीला सील लागलं. सगळ्यांची रक्ततपासणी करायची ठरली. बायका अंगणात शाली लपेटून बसल्या होत्या. मावशी एकटी पाण्याच्या पंपाजवळ उभी होती, किटली पायाशी, उशी काखेत. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. संशय होता तेव्हा निदान बघत तरी होत्या. आई भिंतीला टेकून होती. तिने एकदा उशीकडे बघितलं, आपल्या मानेवरून हात फिरवला आणि तोंड फिरवलं.

साहेब बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, उद्यापासून..."

"उद्यापासून काय?" तिखटबाई मधेच बोलली. तिचा आवाज अजून फाटकाच होता. "मावशी गेल्या तर चहा तुम्ही करणार? घड्याळ बघून?"

कुणीतरी खुदकन हसलं. साहेब आत निघून गेले. तिखटबाई उठली, मावशीपुढे जाऊन तिने कप धरला. मावशीने किटली उचलली नाही.

"आधी वास घेऊन बघ," मावशी म्हणाली.

"घेतला."

"मग अजून एकदा घे."

तिखटबाईने घेतला. सगळ्यांसमोर, नाक किटलीत घालून. तेव्हा कुठे मावशीने ओतलं.

पण आई आली नाही. भिंगरी दोघींच्या मधे उभी राहून इकडून तिकडे बघत राहिली.

संध्याकाळी घरी तिघी एकमेकींना न धडकता वावरत होत्या, जणू घर अचानक मोठं झालंय. मावशीने चहा टाकला. पुडी उघड्यावर सोडली. आईचा कप तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "धाकटे, तू रोज ओतायचीस ते मला ठाऊक होतं. बेसिन घासतं कोण इथे?"

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "तुला वाटलं असेल, मला तुझा संशय आहे."

"वाटलं नाही. होताच."

"होता."

"आणि मी तुला खरंच मारायला निघाले होते, मानेला वारा लागू नये म्हणून."

भिंगरीला वाटलं आता काहीतरी फुटणार. नळ थेंबथेंब गळत होता. आईने कप उचलला. बेसिनकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. एक घोट घेतला, चटका बसला तरी दुसरा घेतला, आणि चहा तळाला जाईपर्यंत कप खाली ठेवलाच नाही.

"सुंठ जास्त झालीय," ती म्हणाली.

"जास्त नाही झाली," मावशी म्हणाली. "तुझी सवय मोडलीय."

आणि तिने आईचा कप पुन्हा भरला.